स्लॅबचा गिलावा पडला, मालक म्हणतोय दसऱ्यानंतर बघू. घर सोडू की भाडं थांबवू? (अनगोळ, बेळगाव)

अनगोळचा_भाडेकरू:

मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. आम्ही अनगोळात एका जुन्या अपार्टमेंटात सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, आमच्या डोक्यावर थेट टेरेस. जानेवारीत घर बघायला आलो तेव्हा आतून पांढराशुभ्र डिस्टेंपर मारलेला, वास पण गेला नव्हता, आम्हाला वाटलं मालक हौशी माणूस दिसतोय. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि हॉलच्या स्लॅबवर पिवळे डाग उमटायला लागले, मग ते काळे झाले, आणि आता जुलैत ठिबकतंय म्हणायची सोय राहिली नाही, धारच लागते. बादल्या, पातेली, पोरीचं अंघोळीचं टब, सगळं हॉलमध्ये मांडलंय.

एवढं पण चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात पहाटे बेडरूमच्या स्लॅबचा गिलावा पडला, तो थेट आईच्या उशीवर. आई नुकतीच उठून चहा ठेवायला गेली होती म्हणून वाचली. तुकडा दोन्ही हातांनी उचलावा लागला आणि त्याच्या पाठीला सळीच्या गंजाची लाल पट्टी तशीच चिकटून आलेली. वर बघितलं तर सळी उघडी पडलीय, बोटानं खरवडली की पापुद्रे निघतात. त्यात हॉलच्या बोर्डाचं बटण दाबलं की हाताला मुंग्या येतात. कपाटामागं काळी बुरशी, आईला आधीच दमा.

मालक पुण्याला असतात. फोन केला की म्हणतात, "पावसाळ्यात काय काम होतंय ओ, दसरा होऊ दे मग बघू." फारच मागं लागलो तर, "तुम्हीच कुणाला तरी बोलावून करून घ्या की, नंतर हिशेब करू." हे सगळं तोंडी, लिहून काही द्यायला तयार नाहीत.

भाडं ९,५०० आणि आडव्हान्स ६०,००० दिलाय. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट नोटरी केलेलं आहे, त्यात लिहिलंय की मुदतीआधी घर सोडलं तर दोन महिन्यांचं भाडं कापून घेणार. आता आम्ही घर सोडलं तर हे कापू शकतात काय? का सरळ भाडं देणं बंद करू? आणि भिजून खराब झालेलं प्लायवूडचं कपाट, गादी याचे पैसे कुणाकडं मागायचे?

खडेबाजारचा_वायरमन:

बाकीचं शिकलेले लोक सांगतील, मी करंटचं तेवढं सांगतो. हाताला मुंग्या येतात म्हणजे शॉकच बसतोय हो तो, कमी बसतोय इतकंच. आत्ताच्या आत्ता त्या हॉलचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच, पाडा आणि तो वर करू नका, कुणी कितीही सांगू दे. जुन्या बिल्डिंगमध्ये वायरचे पाइप स्लॅबमधूनच नेलेले असतात, वरचं पाणी त्या पाइपात शिरतं आणि पाइपातून पाइपातून कुठल्या तरी लांबच्या बोर्डात उतरतं. म्हणून ज्या खोलीत गळत नाही त्या खोलीचा बोर्डपण सेफ धरू नका. वरून कोरडा दिसणारा बोर्ड उघडला की आत पाणी साचलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉक बसणार नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, ३० मिलीॲम्पियरचा, जुन्या घरात तो नसतोच. मेन बोर्डात बघा, टेस्टचं छोटं बटण असलेला मोठा स्विच आहे का. नसेल तर मालकाला सांगायच्या यादीत तो पहिला लिहा.

हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचं म्हणाल तर मीटरपर्यंत त्यांचं, मीटरच्या आतलं वायरिंग घरमालकाचं. पण मीटरच्या खोलीतच पाणी येत असेल तर १९१२ ला फोन लावा, ते त्यांचंच काम. आईंना ओल्या फरशीवर अनवाणी त्या बोर्डाजवळ जाऊ देऊ नका.

बॉर्डरवरचा_बंडू:

भाडं बंद करा सरळ. माझा चुलतभाऊ कोल्हापुरात राहतो, त्याच्याकडं पण असंच गळत होतं, त्यानं चार महिने भाडंच दिलं नाही, मालक गप झाला. कायदा भाडेकरूच्या बाजूनं असतोय, टेन्शन घेऊ नका. वर ॲग्रीमेंट नुसतं नोटरीचं आहे, रजिस्टर नाही, म्हणजे त्याला काडीची किंमत नाही.

कोर्ट_रोडचा_कारकून:

बंडू भाऊ, राग मानू नका पण हा सल्ला ऐकून अनगोळकर गोत्यात येतील. मी वकिलांच्या ऑफिसात काम करतो, वकील नाही, पण अशा फायली रोज हातातून जातात म्हणून लिहितो, शेवटी कागद एकदा वकिलाला दाखवाच.

पहिली गोष्ट, कोल्हापूरचं कोल्हापुरात. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आणि आपला कर्नाटक रेंट ॲक्टपण १९९९ चाच, त्यामुळं व्हॉट्सॲपवर दोन्हीची खिचडी होऊन फिरत असते. पण तिकडचा कायदा बॉर्डरवरच्या शिनोळीच्या अलीकडं चालत नाही. तिकडं प्रत्येक भाडेकरार रजिस्टर करावाच लागतो, इकडं एक वर्षाच्या आतलं ॲग्रीमेंट रजिस्टर नसलं तरी चालतं, म्हणून तर सगळे अकरा महिन्यांचं करतात. तेव्हा अनगोळकरांच्या ॲग्रीमेंटला किंमत आहे. फार तर स्टॅम्प कमी लावलाय म्हणून कोर्टात दंड भरावा लागेल, पण कागद फुकट जात नाही.

आणि आपला रेंट ॲक्टसुद्धा यांना उपयोगाचा नाही. घरभाडं महिना साडेतीन हजाराच्या वर, आणि लहान गावात दोन हजाराच्या वर असलं की तो लागूच होत नाही. आजच्या दिवसात साडेतीन हजारात बेळगावात खोली तरी मिळते काय? मग उरतं तुमचं ॲग्रीमेंट आणि १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट. जुना आहे पण त्यात कलम १०८ आहे, भाडेकरूचं आणि मालकाचं काय काय देणं लागतं ते सगळं त्यात.

त्यात असं आहे की आग, वादळ, पूर असल्या कुणाच्या हातात नसलेल्या कारणानं घराचा मोठा भाग नष्ट झाला किंवा ज्या कामाला घेतलं त्याला ते कायमचं निकामी झालं, तर भाडेकरू म्हणू शकतो की करार संपला. म्हणायचं की नाही हे भाडेकरूनं ठरवायचं. पण "कायमचं" हा शब्द लक्षात घ्या. गळका स्लॅब दुरुस्त होतो, त्यामुळं नुसत्या गळतीवर हे कलम लावायला गेलात तर समोरचा वकील पहिल्या तारखेलाच पकडेल.

तुमच्या कामाचं पुढचं आहे. जी दुरुस्ती मालकानं करायला बांधील आहे ती नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून कापून घेऊ शकतो. इथं दोन खुंट्या आहेत. एक, मालक बांधील आहे हे ॲग्रीमेंटमध्ये दिसायला पाहिजे, म्हणजे "मेजर रिपेअर ओनरकडे" असलं काही वाक्य, ते शोधा. नसेल तर हा मुद्दा वादात जातो. दोन, नोटीस. फोनवर बोललो, हे कोर्टात कुणी विचारत नाही.

तिसरं, ताज्या डिस्टेंपरबद्दल लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. घरात मोठा दोष आहे, मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला साध्या नजरेनं दिसण्यासारखा नाही, तर तो आधी सांगणं मालकाचं काम, हे पण त्याच कलमात सुरुवातीलाच आहे. खालच्या मजल्यावरचे शेजारी सांगतील ना, गेल्या पावसाळ्यात पण गळत होतं की नव्हतं ते. कुणी व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून दिल्या तर फार कामाचं. दोन महिन्यांच्या कपातीला उत्तर इथं आहे, कारण तुम्ही हौसेनं घर सोडत नाही, लपवलेल्या दोषामुळं सोडताय.

आता भाडं बंद करण्याबद्दल. करू नका. कोर्टं याबाबतीत फार कडक आहेत. १९६८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, फाळणीत जमीन पाकिस्तानात राहिली, पट्टेदाराला जीव घेऊन पळून यावं लागलं, तरी भरलेलं भाडं परत मिळालं नाही, कारण एकदा ताबा दिला की पुढं अडचण आली म्हणून भाडेपट्टा आपोआप मोडत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिल्लीत एका दुकानदारानं भाडं थांबवायला मागितलं, हायकोर्टानं तेही दिलं नाही. म्हणजे ताबा तुमच्याकडं आणि भाडं पण द्यायचं नाही, हे चालत नाही. एक तर राहा, भाडं भरा आणि यूपीआयच्या रिमार्कमध्ये "तक्रार कायम ठेवून" असं लिहा. नाहीतर ॲग्रीमेंटप्रमाणे नोटीस देऊन घर सोडा, किल्ली द्या, मग भाडं संपलं.

मॉडेल टेनन्सी ॲक्ट म्हणून कुणीतरी नक्की येऊन सांगेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तो केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेला नमुना आहे. घर राहण्यालायक नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन निघा असं त्यात आहे खरं, पण राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणाला दाखवून उपयोग नाही.

उद्यमबाग_सिव्हिल:

कारकून साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी स्लॅबचं सांगतो कारण उघड्या सळीचं वाचून मला ते जास्त गंभीर वाटलं.

टेरेसवरचं पाणी मुरत मुरत सळीपर्यंत जातं, सळी गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगला की खालचं काँक्रीटचं कव्हर ढकलून देतो. म्हणजे तुमच्याकडं पडलं तो नुसता गिलावा नाही, कव्हर पण आलेलं असणार, सळीची पट्टी चिकटून आली म्हणता ना. एक ठिकाणी पडलं की आजूबाजूचं पण सुटलेलं असतं, फक्त लोंबकळत असतं. लांब बांबू किंवा झाडूचा दांडा घ्या, बाजूला उभं राहून (खाली नाही!) हळू ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ भद्द आवाज आला तर तो भाग येणारच. त्या खोलीत आजपासून झोपायचं नाही, पलंग काढा, दार लावून ठेवा.

मालक म्हणतात पावसाळ्यात काम होत नाही, हे अर्धं खरं आहे. वॉटरप्रूफिंगचं पक्कं काम, जुना कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) फोडून नवीन करणं, ते ओल्यात होत नाही आणि केलं तर टिकत पण नाही. पण टेरेसवरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं, ताडपत्री टाकणं, सुटलेला गिलावा मुद्दाम पाडून घेणं, गरज वाटली तर लोखंडी टेकू लावणं, हे सगळं भर पावसात होतं आणि गवंड्याला बोलावलं तर एका दिवसात होतं. एवढंही करत नसेल तर तो दसऱ्याचं नाव सांगून वेळ काढतोय. टेरेसवर जाऊन बघा एकदा, निम्म्या वेळा आउटलेटच्या जाळीत पाला आणि प्लास्टिक अडकून वर तळं साचलेलं असतं.

तुम्हीच करून घ्या म्हणाले तर स्लॅबचं काम स्वतःच्या पैशानं चुकूनही अंगावर घेऊ नका. एक चौरस फूट उघडलं की चार उघडावे लागतात.

घरमालक_टिळकवाडी:

सगळे एकाच बाजूनं बोलतायत म्हणून लिहितो. मी स्वतः मालक आहे, वरच्या मजल्याचा फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि माझ्याकडं पण गळतं. टेरेस काय माझ्या एकट्याची नाही ओ, ती सगळ्यांची. कर्नाटकचा अपार्टमेंटचा कायदा १९७२ चा आहे, त्यात गच्ची कॉमन एरियात येते, म्हणजे दुरुस्ती असोसिएशननं करायची. मीटिंग घेतली की खालच्या मजल्यावरचे म्हणतात आमच्याकडं कुठं गळतंय, आम्ही का पैसे द्यायचे. दोन वर्षं हेच चाललंय. भाडेकरूला वाटतं मालक चिकट आहे.

तरीपण अनगोळकरांच्या मालकाचं वागणं मला पटलेलं नाही. सळी दिसायला लागल्यावर दसऱ्याची वाट बघायची नसते. त्यांना सांगा की असोसिएशनला लेखी पत्र द्या आणि त्याची कॉपी मला द्या. असोसिएशन नसेल, बेळगावात बऱ्याच जुन्या अपार्टमेंटात नसतेच, तर बाकीच्या फ्लॅटवाल्यांना तुम्ही पण भेटा, मालकापेक्षा तुमचं ऐकतील, कारण उशीवर गिलावा पडलेला त्यांनी बघितलाय.

एक विनंती. भाडेकरू लोक शेवटचे महिने भाडं न देता "आडव्हान्समधून वळतं करा" म्हणून मेसेज टाकतात आणि गप्प बसतात, ते करू नका. मालकाशी बोलून ठरलं आणि व्हॉट्सॲपवर त्यानं हो म्हटलं तर खुशाल करा, मला तरी तो सगळ्यात सोपा मार्ग वाटतो, दोघांचे पण पैसे अडकत नाहीत. न विचारता केलं की मालकाचं डोकं फिरतं आणि मग तो लाइट बिल, पाणी बिल, भिंतीतला खिळा, सगळं काढतो.

निपाणीचा_पाहुणा:

इथं पुराचा विषय निघाला म्हणून आमचं सांगतो, थोडं वेगळं आहे पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टला वेदगंगेचं पाणी आलं तेव्हा आम्ही नदीकाठच्या गावात मातीच्या भिंतीच्या कौलारू घरात भाड्यानं होतो. हायवे यमगर्णीजवळ बंद, इकडं चिकोडीकडं दूधगंगा, कृष्णा, सगळीकडं तेच. पाणी उतरल्यावर परत गेलो तर मागची भिंत बसलेली. मातीची भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी उतरून ऊन पडलं की पडते, हे आमच्या म्हाताऱ्यांना माहीत असतंय, आम्हाला तेव्हा कळलं.

सांगायचा मुद्दा, तेव्हा सरकारनं दोन प्रकारची मदत दिली होती. घरात पाणी शिरून भांडीकुंडी, धान्य, कपडे गेले त्यांना तातडीचे १०,००० आणि घर पूर्ण पडलं त्याला ५ लाखांपर्यंत. घराचे पैसे घरमालकाला, कारण उतारा त्याच्या नावावर, त्यावर भाडेकरूनं भांडून उपयोग नाही. पण संसाराचं नुकसान आमचं होतं, मालकाचं नव्हतं. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा मालक म्हणाले घर माझं आहे, माझं नाव लिहा. आमच्याकडं त्या पत्त्याचं रेशनकार्ड आणि भाड्याच्या पावत्या होत्या म्हणून आमचं नाव लागलं. शेजारच्या भाडेकरूकडं काहीच नव्हतं, त्याला काही मिळालं नाही. तेव्हा पंचनाम्याच्या वेळी घरात माणूस हजर पाहिजे आणि राहत असल्याचा एक तरी कागद पाहिजे. आणि पंचनाम्याआधी चिखल धुऊन टाकू नका, फोटो काढल्याशिवाय तर नाहीच.

भिंतीला पोट आलेलं दिसलं तर मात्र एक रात्रसुद्धा थांबू नका. २०२१ च्या ऑक्टोबरात बडाल अंकलगीत पावसानं भिजलेली भिंत पडून सात माणसं गेली, त्यात लहान पोरं होती. सामान, आडव्हान्स, ॲग्रीमेंट सगळं नंतर बघता येतंय.

कोर्ट_रोडचा_कारकून:

निपाणीकर म्हणतात तसं मातीचं घर पुरात पडलं तर ते मी वर लिहिलेल्या "करार संपला" वाल्या कलमात सरळ बसतं. तिथं राहिलेल्या मुदतीचं भाडं मालक मागू शकत नाही. फक्त तुम्ही करार संपवताय हे त्याला कळवायला पाहिजे.

अनगोळचा_भाडेकरू:

सगळ्यांचे मनापासून आभार. एमसीबी पाडलाय, बेडरूमचं दार लावलंय, आईला खानापूरला बहिणीकडं पाठवलंय. टेरेसवर गेलो, जाळीत खरंच पाला होता आणि एक फाटकी चप्पल, काढल्यावर पाणी भसाभस गेलं, तरी गळायचं काय थांबलं नाही. बांबूनं ठोकलं तर पंख्याच्या हुकाभोवती सगळा पोकळ आवाज.

ॲग्रीमेंट परत वाचलं. "किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करेल" एवढंच आहे, मोठ्या दुरुस्तीबद्दल अक्षर नाही. नोटीसचं कलम आहे, एक महिन्याचं. खालचे काका म्हणाले गेल्या पावसाळ्यात पण गळत होतं, आधीचे भाडेकरू त्याच्यासाठीच गेले, पण लिहून द्यायला कचरतायत, मालक त्यांच्या ओळखीचे म्हणून.

आता ठरवलंय घर सोडायचं. नोटीस कशी लिहू? मराठीत चालेल का? आणि महापालिकेत तक्रार करून काही उपयोग होतो का?

कोर्ट_रोडचा_कारकून:

किरकोळ भाडेकरू करेल असं लिहिलंय म्हणजे मोठी त्याच्याकडं नाही, असा अर्थ वकील काढतीलच, तुमच्या बाजूनं आहे ते. काका लिहून देत नसतील तर सोडा, जुन्या भाडेकरूंचा नंबर मिळतो का बघा, त्यांना आता मालकाची भीड नाही.

मालकाला नोटीस मराठीत चालते, त्याला वाचता येणारी भाषा म्हणजे झालं. पण उद्या कोर्टात जाणारा कागद म्हणून इंग्लिशमध्ये केलेली बरी. फार शब्द घालू नका. साधारण असं लिहा:

"तुमच्या अमुक पत्त्यावरच्या फ्लॅटमध्ये मी अमुक तारखेच्या करारानं राहतो. जूनपासून स्लॅब गळत आहे. अमुक तारखेला बेडरूमच्या स्लॅबचा भाग पडला, सळ्या उघड्या पडल्या आहेत, हॉलच्या बोर्डात करंट उतरतो. हे मी अमुक अमुक तारखांना फोनवर कळवलं. घर सध्या राहण्यास धोकादायक आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत तात्पुरती सुरक्षेची व्यवस्था न केल्यास मी अमुक तारखेला घर रिकामं करून किल्ली देईन. हा दोष घर देतेवेळी मला सांगितलेला नव्हता, त्यामुळे मुदतीआधी सोडल्याची कपात मला मान्य नाही. आडव्हान्स ६०,००० रुपये किल्ली देतेवेळी परत करावा. माझ्या सामानाच्या नुकसानीची मागणी मी राखून ठेवत आहे."

एक महिन्याचं कलम आहे ना, ती तारीख पण त्यात बसवून घ्या म्हणजे तो मुद्दाच राहणार नाही. एक महिन्याचं भाडं गेलं तर गेलं, साठ हजार महत्त्वाचे. स्पीड पोस्टनं पाठवा, रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय, काउंटरवर पोचपावती मागून घ्या. तेच पत्र फोटो काढून व्हॉट्सॲपवर पण टाका, निळी खूण आली की स्क्रीनशॉट.

महापालिकेचं विचारलंत. धोकादायक बांधकाम असेल तर दुरुस्त करा, आधार द्या किंवा पाडा म्हणून नोटीस काढायचा अधिकार आयुक्तांना १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्यात आहे. अर्ज करा, इंजिनिअर येऊन बघून गेला आणि काही कागद झाला तर तो तुमचा मोठा पुरावा. अर्ज कन्नडमध्ये असला की टेबलावरून लवकर सरकतो, ही काय मी नवीन सांगायची गोष्ट नाही, कुणाकडून तरी लिहून घ्या. पण त्यांनी बिल्डिंगच रिकामी करा म्हटलं तर बाकीच्या सगळ्या कुटुंबांना पण बाहेर पडावं लागेल, म्हणून शेजाऱ्यांना अंधारात ठेवून अर्ज देऊ नका.

आडव्हान्स दिला नाही तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, दावा दाखल करण्याआधीच दोघांना बोलावून तडजोड करतात, फी नाही. फोन १५१००. बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती आहे ते बघत नाहीत, आणि पूरग्रस्तांना पण मिळतो, निपाणीकडच्यांनी लक्षात ठेवा. ॲग्रीमेंटवर वहिनींची पण सही असेल तर अर्ज त्यांच्या नावानं करा.

कपाट आणि गादीचं स्पष्टच सांगतो, मिळायची आशा कमी. बिलं असतील तर तडजोडीत मागा, थोडंफार सुटतं.

खानापूरची_वैनी:

गादी आणि कपाटाबद्दल, बुरशी लागलेलं प्लायवूड नवीन घरात नेऊ नका हो, पुसून जात नाही ती, आत असते. तुमच्या आईंना दमा आहे म्हणता. फोटो काढा आणि तिथंच टाकून द्या. पुढच्या घरी सामानाचा विमा तरी काढा, भारत गृह रक्षा म्हणून पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडं मिळते, त्यात भाडेकरूला घराचा नाही तर नुसत्या सामानाचा विमा पण घेता येतो. फक्त जुनी ओल, हळूहळू मुरलेलं पाणी असलं की कंपनी हात वर करते, ते आधी विचारून घ्या.

आणि नवीन घर बघायला आत्ता, भर पावसातच जा. जानेवारीत सगळी घरं चांगली दिसतात.

बॉर्डरवरचा_बंडू:

बरं बाबा, कोल्हापूरचं कोल्हापुरात. पण टेंपो लागला तर सांगा, आमचा वडगावात आहे, पाहुण्यांकडून डिझेलचेच पैसे घेतो.

घरमालक_टिळकवाडी:

किल्ली देताना एक गोष्ट. नुसती शेजाऱ्याकडं ठेवून जाऊ नका, नंतर मालक म्हणतो मला किल्ली मिळालीच नाही, भाडं चालूच आहे. पुण्याहून ते येत नसतील तर त्यांनी ज्याला द्यायला सांगितलं त्याचं नाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, त्याच्या हातात देताना फोटो घ्या, आणि रिकाम्या घराचा दारापासून बाथरूमपर्यंत एक व्हिडिओ, मीटरचं रीडिंग दिसेल असा.

खडेबाजारचा_वायरमन:

मीटरवरून आठवलं, गृहज्योतीला (कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंत फुकट विजेची योजना) तुमचं आधार या घराच्या मीटरला जोडलेलं असणार. निघायच्या आधी ते डी-लिंक करून घ्या, नाहीतर नवीन घराला २०० युनिटचा फायदा लागणार नाही आणि इकडं पुढच्या भाडेकरूचं पण अडकेल. ऑनलाइन होतं, नाही जमलं तर 'ग्राम वन' सेवा केंद्रात नाहीतर हेस्कॉमच्या ऑफिसात जा, जाताना जुनं बिल आणि आधार घेऊन जा.